वेग रक्तात असतो का? हिंदमाता परिसरातील दोन दाखले

१/
हिंदमाता म्हटले की मुंबईकराला आधी पावसाळ्यात तुंबलेले पाणी आठवते. मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरील या नाक्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर तीन वास्तू आहेत, ज्यांचा संबंध एका जुन्या प्रश्नाशी पोहोचतो : परळची बी.आय.टी. चाळ, दादरच्या हिंदू कॉलनीतील 'राजगृह' आणि के.ई.एम. रुग्णालय. प्रश्न असा, की माणसाच्या शरीराचे सामर्थ्य जन्मतः ठरलेले असते का?

२/
आज हा प्रश्न नव्या रूपात विचारला जातो. शंभर मीटर धावणारा, भारोत्तोलक किंवा लांब उडी मारणारा खेळाडू घडतो तो विशिष्ट जनुकामुळे, असे सांगणाऱ्या चाचण्या बाजारात आहेत. मुलाच्या लाळेचा नमुना द्यावा आणि त्याने कोणता खेळ निवडावा ते जाणून घ्यावे, असा त्यांचा दावा असतो. या दाव्यामागे अस्सल विज्ञान आहे, आणि त्या विज्ञानाच्या मर्यादेपलीकडे केलेली उडीही आहे. दोन्ही वेगळे करण्यासाठी आधी के.ई.एम.मध्ये जावे लागते.

३/
सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले के.ई.एम. रुग्णालय परळला १९२६ साली सुरू झाले. तेथील डॉ. वाय. एम. भेंडे यांना पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी असे रक्त आढळले, जे ज्ञात गटांच्या चौकटीत बसत नव्हते. नेहमीच्या तपासणीत ते 'ओ' गटाचे वाटे. पण 'ओ' गटाचे रक्तही त्याला जुळत नसे. रक्तद्रव 'ए', 'बी' आणि 'ओ' अशा तिन्ही प्रकारच्या पेशींच्या गुठळ्या करत होता.

४/
डॉ. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे, डॉ. एच. एम. भाटिया आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी यांचा निबंध १९५२ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हा गट पुढे जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जाऊ लागला. शहराचे नाव बदलले, रुग्णालयाच्या अवतीभवतीच्या गिरण्या गेल्या. वैद्यकाच्या पुस्तकात मात्र 'बॉम्बे' तसेच राहिले.

५/
त्यामागची यंत्रणा पुढे उलगडत गेली. 'ए' आणि 'बी' ही रक्तपेशींवरील चिन्हे 'एच' नावाच्या पायावर उभी राहतात. हा पाया घालणारे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर असते. आई आणि वडील या दोघांकडूनही त्याची निकामी प्रत मिळाली, तर पायाच घातला जात नाही. मग 'ए' किंवा 'बी'चे जनुक शाबूत असूनही त्याचे काम दिसत नाही. म्हणूनच वरवर 'ओ' वाटणाऱ्या आईच्या मुलात 'बी' गट प्रकटू शकतो. असे एक कुटुंब १९५५ साली अमेरिकेतील संशोधकांनी नोंदवलेही.

६/
येथे हिशेब स्वच्छ आहे. एका जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी, म्हणून एक ठरावीक परिणाम. त्यावर खुराकाचा, मेहनतीचा, गरिबी-श्रीमंतीचा काडीमात्र प्रभाव नाही. मुंबईत दहा हजारांत साधारण एका व्यक्तीत आढळणारा हा गट वेळेवर ओळखला गेला नाही, तर रक्त चढवणेच जिवावर बेतू शकते. आनुवंशिकतेचा हुकूम इतका थेट असू शकतो, याचा हा परळमधला दाखला.

७/
अडचण येथूनच सुरू होते. मराठीत 'ते त्याच्या रक्तातच आहे' असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात हाच थेट हुकूम असतो. पैलवानाचा मुलगा पैलवान होणार, कारण खाण तशी माती. रक्तगटाला लागू पडणारा नियम शौर्याला, ताकदीला, वेगालाही लागू पडतो, असे न तपासता मानले जाते. हे गृहीतक केवळ घरगुती बोलण्यापुरते राहिले असते, तर फारसे बिघडले नसते. महाराष्ट्रात एके काळी ते सरकारी धोरण होते.

८/
१८५७ नंतर, आणि विशेषतः लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना (१८८५–९३), ब्रिटिश सैन्यभरतीत 'लढवय्या जमातीं'चा सिद्धान्त रुजला. काही समाज जन्माने लढाऊ आणि काही जन्माने नालायक, अशी विभागणी झाली. गुरखे, शीख, पठाण वरच्या यादीत गेले. मुंबई आणि मद्रास इलाख्यांतील अनेक समाज खालच्या यादीत ढकलले गेले. खालच्या यादीत गेलेल्यांत महार होते.

९/
या महारांचे पूर्वज मुंबई सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या लढले होते. १८१८च्या कोरेगावच्या लढाईतील मृतांच्या स्मृतिस्तंभावर त्यांची नावे कोरलेली आहेत. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्यांची भरती थांबवण्यात आली. निवृत्त सैनिक गोपाळ बाबा वलंगकर यांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्जाचा मसुदा सिद्ध केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी थेट भारतमंत्र्यांपुढे मांडली.

१०/
त्यानंतरचा घटनाक्रम बोलका आहे. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ साली '१११ महार' पलटण उभारली गेली. युद्ध संपल्यावर ती मोडली. दुसरे महायुद्ध आले आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. म्हणजे अर्ध्या शतकात एकच समाज लढाईला अपात्र, मग पात्र, पुन्हा अपात्र आणि पुन्हा पात्र ठरला. एवढ्या काळात कोणत्याही समाजाची जनुके बदलत नाहीत. बदलली ती सरकारची गरज.

११/
भरतीबंदीचा फटका ज्या सैनिकी कुटुंबांना बसला, त्यांच्याच जगातून डॉ. आंबेडकर आले. त्यांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. परळच्या बी.आय.टी. चाळीत आंबेडकर कुटुंबाने दोन दशके काढली आणि १९३०च्या दशकात ते राजगृहात राहायला गेले. जात-पात-तोडक मंडळाच्या लाहोर अधिवेशनासाठी लिहिलेले आणि अधिवेशन रद्द झाल्यामुळे न झालेले भाषण त्यांनी १९३६ साली स्वतःच छापले. तोच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हा ग्रंथ.

१२/
या ग्रंथाची चर्चा सहसा धर्मशास्त्राच्या अंगाने होते. त्यात आनुवंशिकतेवर एक छोटा पण टोकदार युक्तिवाद आहे, त्याकडे कमी लक्ष जाते. जातिव्यवस्था म्हणजे वंशसुधारणेची पद्धत आहे, ती रक्त शुद्ध राखते, असे समर्थन त्या काळी सुशिक्षितांकडून होत असे. युरोप-अमेरिकेत वंशसुधारशास्त्राची चलती होती, आणि त्या शब्दाला विज्ञानाचे वजन होते.

१३/
आंबेडकरांनी ते वजन विज्ञानाच्याच तराजूत टाकले. पंजाबातील ब्राह्मण आणि पंजाबातील चांभार यांचा वंश वेगळा नाही, हे त्यांनी दाखवले. केवळ परक्याशी लग्न नको एवढ्या नियमाने उत्तम जोडप्यांची निवड होत नाही, हे सांगितले. आणि रक्ताची शुद्धी राखायची असेल तर सहभोजनावर बंदी कशासाठी, जेवणाने तर रक्त मिसळत नाही, असा पेच टाकला. जातीने जर वंश सुधारला असेल, तर देशातील बहुसंख्य माणसे सैनिकी तपासणीच्या सर्वांत खालच्या श्रेणीत का मोडतात, हा त्यांचा प्रश्न होता.

१४/
याच ओघात त्यांनी विल्यम बेटसन यांचा आधार घेतला. 'जेनेटिक्स' हा शब्द शास्त्राला देणारे हे ब्रिटिश शास्त्रज्ञ. त्यांचा मेंडेलच्या तत्त्वांवरील ग्रंथ १९०९चा. आंबेडकरांनी त्यातून उचललेल्या मुद्द्याचा आशय असा : उच्च बौद्धिक गुण कोणत्याही एका ठरावीक पद्धतीने वारशात उतरत नाहीत, ते आणि शारीरिक सामर्थ्याचे ठळक विकासही, कोणत्या तरी एका आनुवंशिक घटकामुळे नव्हे, तर असंख्य घटक एकत्र जुळून आल्यामुळे संभवतात.

१५/
'शारीरिक सामर्थ्याचे ठळक विकास' या शब्दांत आजचा अव्वल धावपटू नेमका बसतो. आंबेडकरांचा विषय क्रीडा नव्हता, जात होता. मुद्दा मात्र तोच होता. शरीराची ताकद हा एका घटकाचा मामला असेल, तर कुळ पाहून माणूस निवडता येईल. असंख्य घटकांचा मेळ असेल, तर कुळावरून व्यक्तीचे भाकीत करण्याचा आधारच ढासळतो. डीएनएची रचना उलगडण्यास तेव्हा आणखी सतरा वर्षे होती.

१६/
मग प्रयोगशाळेने काय निकाल दिला? येथे परळहून सिडनीला जावे लागते. स्नायूंत मंद आकुंचन पावणारे आणि जलद आकुंचन पावणारे असे तंतू असतात. पहिले दमाच्या कामाचे, दुसरे झेपेच्या आणि झटक्याच्या. जलद तंतूंत 'अल्फा-अ‍ॅक्टिनिन-३' नावाचे प्रथिन असते. स्नायू आकसताना त्याची अंतर्गत चौकट ते बांधून धरते. ते बनवण्याची कृती ज्या जनुकात असते, त्याचे नाव एसीटीएन-३.

१७/
या जनुकाच्या एका रूपात मध्येच थांबण्याची खूण असते आणि प्रथिन तयारच होत नाही. आई-वडील दोघांकडूनही हे रूप मिळालेल्या व्यक्तीत ते प्रथिन शून्य. कॅथ्रिन नॉर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवले, की अशी माणसे आजारी नसतात आणि विरळही नसतात. युरोपीय वंशाच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्के, आशियातील अनेक समाजांत सुमारे २५ टक्के, तर आफ्रिकेतील काही बांटू भाषक समाजांत जेमतेम एक टक्का.

१८/
२००३ साली याच गटाने ऑस्ट्रेलियातील अव्वल खेळाडू तपासले. प्रथिन नसलेल्यांचे प्रमाण सामान्य लोकांत १८ टक्के होते. वेगाच्या आणि ताकदीच्या खेळाडूंत ते केवळ ६ टक्के निघाले, आणि दीर्घ पल्ल्याच्या खेळाडूंत २४ टक्के. या गटातल्या वेग-ताकदीच्या खेळांतील स्त्रियांमध्ये तर प्रथिनशून्य अशी एकही नव्हती. निष्कर्ष महत्त्वाचा होता आणि पुढील बऱ्याच अभ्यासांत त्याला पुष्टी मिळाली. 'वेगाचे जनुक' हे नाव वर्तमानपत्रांनी त्याला तेव्हाच चिकटवले.

१९/
परळच्या रक्तगटाशी याची तुलना केली की फरक डोळ्यांत भरतो. दोन्हीकडे एकच जनुक, दोन्हीकडे दोन्ही प्रती निकामी. एका ठिकाणी परिणाम जीवन-मरणाचा; दुसरीकडे जगातील शंभर कोटींहून अधिक माणसे त्या अभावासह जगतात आणि त्यांना तो कळतही नाही. कारण स्नायूत त्याच कुळातले दुसरे प्रथिन, अल्फा-अ‍ॅक्टिनिन-२, बहुतांश काम सांभाळून घेते. रक्तगटाच्या पायाला असा बदली कामगार नाही.

२०/
त्यामुळे हे जनुक वेगावर प्रभाव टाकते, पण वेग ठरवत नाही. अव्वल धावपटूंच्या वेळांतील फरकांपैकी जेमतेम एक टक्का फरक त्याच्या खात्यावर जातो, असे पुढील मोजमाप आहे. स्पेनचा एक लांब उडीपटू हे प्रथिन अजिबात नसताना ८.२६ मीटर उडी मारून ऑलिंपिकपर्यंत पोहोचल्याची नोंद २००७ साली प्रसिद्ध झाली. चाचणीच्या कागदावर विसंबून त्याची निवड झाली असती, तर तो मैदानात उतरलाच नसता.

२१/
निकामी रूप इतके पसरले तरी कसे? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तरुणांना १४ अंश सेल्सियस पाण्यात बसवण्यात आले. ज्यांच्यात हे प्रथिन नव्हते, त्यांच्या शरीराचे तापमान अधिक चांगले टिकले. आफ्रिकेबाहेर थंड प्रदेशांत गेलेल्या मानवाला प्रथिनाचा अभावच उपयोगी पडला असावा, असे त्यावरून संशोधक मानतात. अमुक रूप उत्तम आणि अमुक रूप हीन, ही भाषा येथे निरर्थक ठरते. धावपट्टीवरचा तोटा गारठ्यात फायदा असतो.

२२/
जमैकाचे उदाहरण याहून बोलके आहे. या छोट्या बेटाने जगातील सर्वांत वेगवान माणसे दिली, तेव्हा उत्तर या जनुकात शोधले गेले. २०१० सालच्या अभ्यासात आढळले, की जमैकाच्या धावपटूंत आणि तेथील सामान्य माणसांत या जनुकाबाबत लक्षणीय फरक नाही. प्रथिन बहुतेक सर्वांकडेच आहे. जे सर्वांकडे असते, त्यावरून विजेता ओळखता येत नाही. तेथील शाळांची मैदानी स्पर्धा मात्र १९१० पासून चालत आली आहे. ती पाहायला स्टेडियम भरते आणि प्रत्येक गावातील वेगवान मूल त्या गाळणीतून जाते.

२३/
हाच धडा गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात वेगळ्या रीतीने मिळाला. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज राहतो. पूर्वज आफ्रिकेतून आलेले. आजची भाषा कोकणी, मराठी, कन्नड. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यात आफ्रिकी आणि भारतीय असा दुहेरी वारसा, आणि थोडा पोर्तुगीज अंशही, दिसून आला.

२४/
१९८०च्या दशकात भारतीय क्रीडा प्राधिकरणाने या समाजातील मुलामुलींना निवडून प्रशिक्षण देण्याची योजना आखली. आफ्रिकी वंशाचे म्हणजे वेगवान, हे त्यामागचे गृहीतक. मुले वसतिगृहात आली, त्यांना प्रशिक्षक, खुराक आणि धावपट्टी मिळाली. काहींनी राष्ट्रीय स्तरावर पदके मिळवली. १९९०च्या दशकाच्या आरंभी योजना गुंडाळली गेली आणि बहुतेक मुले गावी, शेतमजुरीकडे परतली. या समाजाला कर्नाटकात अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडले.

२५/
पदके रक्तामुळे आली असती, तर योजना बंद झाल्यावरही येत राहिली असती; रक्त तर जागेवरच होते. गेले ते वसतिगृह, प्रशिक्षक आणि खुराक. शिवाय या मुलांना 'उपजत धावपटू' म्हणणे ही वरवर स्तुती होती, पण तिचा सांगाडा लढवय्या जमातींच्या यादीचाच होता. एकदा गुण उपजत ठरवला, की यशाचे श्रेय वंशाला जाते आणि अपयशाचा दोष मुलाला. व्यवस्थेच्या वाट्याला काहीच येत नाही.

२६/
मग आनुवंशिकता खोटी ठरते का? तसे म्हणणेही चूक. ब्रिटिश जुळ्या बहिणींच्या २००७ सालच्या अभ्यासात, स्पर्धात्मक खेळात कोण पोहोचते यातील फरकांपैकी सुमारे ६६ टक्के फरक आनुवंशिक घटकांशी जोडला गेला. वारसा मोठा आहे. तो फक्त एका ठिकाणी साठवलेला नाही. उंचीसारख्या साध्या, टेपने मोजता येणाऱ्या गुणामागे बारा हजारांहून अधिक जनुकीय फरक असल्याचे २०२२ साली पन्नास लाखांहून अधिक माणसांच्या माहितीतून दिसले. वेग हा उंचीहून कितीतरी गुंतागुंतीचा गुण आहे.

२७/
शिवाय घरातून मिळते ते सगळेच जनुकांतून मिळत नाही. 'बॉम्बे रक्तगटा'चा निबंध ज्या वर्षी आला, त्याच १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. वडील दादासाहेब पैलवान, म्हणून 'रक्तातच होते' असे सहज म्हटले जाते. पण कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या त्या घरात मुलाला कळत्या वयापासून कुस्तीचे धडेही मिळाले. तालमीची माती आणि वडिलांचे रक्त यांची वाटणी कोणत्या मापाने करणार?

२८/
आणि ज्या वेळी सामर्थ्य सिद्ध झाले होते, तेव्हा अडले ते पैशावाचून. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा क्रमांक मिळवलेल्या या मल्लाला हेलसिंकीला जाण्यासाठी गावोगाव वर्गणी गोळा करावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी आपले घर गहाण टाकले. आधीच्याच वर्षी, १९५१ साली, मुंबईच्या लेव्ही पिंटोने दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत १०० आणि २०० मीटरची सुवर्णपदके जिंकली होती. वांद्र्याची मेरी डिसोझा हेलसिंकीला धावली. या शहरात वेग नव्हता असे नाही. तो हुडकणारी शाळेपासूनची साखळी नव्हती.

२९/
या पार्श्वभूमीवर आजच्या जनुकीय क्रीडा-चाचण्यांकडे पाहावे. २०१५ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने निःसंदिग्ध मत दिले, की मुलांतील क्रीडागुण शोधण्यासाठी अशा चाचण्यांचा उपयोग नाही आणि मुलांवर त्या करू नयेत. दहा वर्षांच्या मुलीला शंभर मीटर धावायला लावून घड्याळ पाहिले, तर तिच्याविषयी लाळेच्या नमुन्यापेक्षा अधिक कळते. कारण घड्याळ सर्व घटकांची बेरीज मोजते, चाचणी त्यातला एखादा अंश.

३०/
येथे पणाला लागलेली गोष्ट काही हजार रुपयांच्या चाचणीहून मोठी आहे. क्रीडा वसतिगृहातल्या जागा थोड्या, इच्छुक फार. निवडीसाठी 'वैज्ञानिक' वाटणारी चाळणी हाती आली, की ती वापरण्याचा मोह व्यवस्थेला होणारच. तिने बाहेर काढलेल्या मुलाला दाद मागता येणार नाही, कारण निर्णय माणसाने नव्हे, त्याच्या स्वतःच्या रक्ताने दिला असे त्याला सांगितले जाईल. वलंगकरांच्या पिढीतील निवृत्त सैनिकांना हेच सांगितले गेले होते. निदान त्यांच्याजवळ दाखवायला कोरेगावचा स्तंभ होता. दहा वर्षांच्या मुलाजवळ अजून काहीच नसते.

३१/
के.ई.एम.मध्ये रक्त जुळवताना एका जनुकाचा शब्द अखेरचा मानावा लागतो, आणि तो मानल्यामुळे माणसे वाचतात. तेथून जवळच राहणाऱ्या आंबेडकरांनी ज्या गुणांविषयी बेटसन यांची साक्ष काढली, त्यांत एका जनुकाला असा अधिकार नाही, हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या संशोधनाने आकड्यांत दाखवून दिले. दोन्ही विधाने आनुवंशिकतेचीच आहेत. कोणते कोठे लागू पडते याची गल्लत झाली, की विज्ञानाच्या नावाने जुनीच यादी नव्याने लिहिली जाते.

(धागा समाप्त)